मेघ संगणन खाते

संगणकाची गणनक्षमता, माहितीसाठा व आज्ञावल्या दूरवरच्या माहिती केंद्रातून इंटरनेटद्वारे गरजेपुरत्या भाड्याने घेण्याच्या पद्धतीस मेघ संगणन (व्यवहारात नुसते ‘क्लाउड’) म्हणतात. या सेवा वापरण्यासाठी ग्राहकाने पुरवठादार कंपनीकडे केलेली नोंदणी म्हणजे मेघ संगणन खाते होय. ई-मेलच्या खात्यापेक्षा त्याचे स्वरूप निराळे असून ते विजेच्या जोडणीस अधिक जवळचे आहे : मीटर अखंड चालू असतो व आकारणी वापरानुसार होते. नवख्या ग्राहकाच्या बहुतेक अडचणी हा भेद वेळीच लक्षात न आल्यामुळे उद्भवतात.

ॲमेझॉन कंपनीने मार्च २००६ मध्ये माहितीसाठ्याची व त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये संगणक ताशी भाड्याने देण्याची सेवा सुरू केली. पुढे गूगल (२००८) व मायक्रोसॉफ्ट (२०१०) या कंपन्याही या क्षेत्रात उतरल्या. महाराष्ट्रात मायक्रोसॉफ्टचे पुणे येथील केंद्र २०१५ मध्ये, ॲमेझॉनचे मुंबई येथील २०१६ मध्ये व गूगलचे मुंबई येथीलच २०१७ मध्ये कार्यान्वित झाले. राज्य शासनाने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक मेघ सेवांच्या वापराविषयीचे धोरण जाहीर केले.

या पद्धतीचा मूळ लाभ नाशिकच्या उदाहरणावरून चांगला कळतो. सिंहस्थ कुंभमेळा बारा वर्षांनी भरतो आणि शाही स्नानाच्या मोजक्या दिवशी गोदाकाठी लाखो भाविक एकवटतात. तेवढ्या दिवसांसाठी कायमचे घाट-रस्ते बांधावे लागतात, पण तात्पुरते तंबू व पूल भाड्याने आणून पुन्हा परत करता येतात. २०१५ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने मूळचे नाशिककर शास्त्रज्ञ रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ हा उपक्रम चालविण्यात आला. पावलांच्या दाबावरून गर्दी मोजणाऱ्या चटया त्यातून तयार झाल्या. अशा कामात येणारी माहिती काही दिवस प्रचंड व एरवी नगण्य असते. तिच्यासाठी संगणक विकत घेऊन ठेवणे म्हणजे तंबूंऐवजी वाडे बांधणे होय. सातपूर वा अंबड येथील लघुउद्योजकालाही हाच हिशेब लागू पडतो. मात्र ज्याचे काम बारमाही एकसारखे चालते, त्याला स्वतःचा संगणकच स्वस्त पडण्याचा संभव आहे. जाहिरातींतून ही बाजू सहसा पुढे येत नाही.

खाते उघडण्यास ई-मेलचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक, टपालाचा पत्ता व पैसे भरण्याचे साधन लागते. साधन खरे आहे की नाही हे पाहण्यासाठी कंपनी प्रथम नाममात्र रक्कम घेते. नाव व पत्ता खरे देणे आवश्यक आहे, कारण एप्रिल २०२२ च्या केंद्रीय निर्देशांनुसार पुरवठादारांना ग्राहकांचा पडताळलेला तपशील पाच वर्षे जपावा लागतो. संस्थेच्या कामासाठीचे खाते एखाद्या कर्मचाऱ्याच्या खाजगी ई-मेलवर उघडू नये. तो नोकरी सोडून गेला, तर खात्याची मालकी सिद्ध करणे फार कष्टाचे होते. कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीला रिझर्व्ह बँकेचे ऑक्टोबर २०२१ पासूनचे नियम लागू असल्याने ठराविक मर्यादेपलीकडच्या बिलास प्रत्येक वेळी ग्राहकाची संमती लागते. ती न दिल्यास बिल थकते व सेवा खंडित होऊ शकते.

त्यानंतर माहिती केंद्राचा प्रदेश निवडावयाचा असतो. पडद्यावर पुष्कळदा अमेरिकेतील प्रदेश आधीच निवडलेला आढळतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदास सु. २ लक्ष किमी. जातो. नाशिक ते मुंबई हे सु. १७० किमी. अंतर जाऊन-येऊन काटण्यास त्याला दोन सहस्रांश सेकंदांहूनही कमी वेळ लागतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हाच काळ सु. १३० सहस्रांश सेकंद असून केबलच्या वळणांमुळे प्रत्यक्षात तो आणखी वाढतो. एका पृष्ठासाठी अशा अनेक फेऱ्या होत असल्याने हा फरक वापरणाऱ्यास जाणवतो. दरही प्रदेशागणिक बदलतात.

नोंदणी करताना मिळणारी ओळख ही खात्याची सर्वाधिकारी ओळख असते. तिच्या आधारे खाते बंद करण्यापर्यंत सर्व काही करता येते. म्हणून तिला लांब सांकेतिक शब्द व त्याच्या जोडीला भ्रमणध्वनीवरील क्षणिक अंकांची दुसरी तपासणी लावावी. मग रोजच्या कामासाठी मर्यादित अधिकारांची निराळी ओळख निर्माण करून पहिली शक्यतो वापरूच नये. आज्ञावलीतून सेवा वापरण्यासाठी मिळणाऱ्या गुप्त किल्लीच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. विद्यार्थी आपली आज्ञावली सार्वजनिक संग्रहात ठेवतात आणि नकळत किल्लीही तीतच राहून जाते. अशा किल्ल्या हुडकणारी स्वयंचलित यंत्रणा सतत फिरत असते आणि काही मिनिटांतच ती किल्ली परक्या हाती पडते. मग त्या खात्यावर बलाढ्य संगणक चालवून आभासी चलन मिळविले जाते व त्याचे बिल खातेदाराच्या नावे निघते.

खर्चाची सूचना लावणे हे खाते उघडल्याच दिवशी करावयाचे काम आहे. ठरविलेली रक्कम गाठताच ई-मेल येते. तथापि बहुधा ही केवळ सूचना असते, तिने सेवा थांबत नाही. समजा, ताशी ५ रुपये दराचा संगणक सरावासाठी चालू करून विसरला, तर ३० दिवसांचे ७२० तास होऊन ३,६०० रुपये भाडे होते व त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर पडतो. संगणक नुसता थांबविल्यानेही आकारणी पूर्ण संपत नाही. त्याच्या जोडीचा साठा व राखून ठेवलेला इंटरनेट पत्ता यांचे भाडे चालूच राहते. फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉन जुन्या पद्धतीच्या प्रत्येक सार्वजनिक पत्त्यास ताशी अर्धा सेंट आकारते. नवागतांसाठीच्या मोफत योजनांच्या अटी वारंवार बदलतात. ॲमेझॉनने जुलै २०२५ पासून नव्या खात्यांसाठी बारा महिन्यांच्या सवलतीऐवजी ठराविक रकमेची व सहा महिन्यांच्या मुदतीची योजना लागू केली. त्यामुळे जुन्या मार्गदर्शक पुस्तिकेवर विसंबून राहू नये.

सराव संपल्यावर साठा, पत्ते व संगणक एकेक करून काढून टाकावेत. निरनिराळ्या प्रदेशांत काही उरले आहे काय, हे प्रत्येक प्रदेशात जाऊन तपासावे व पुढील महिन्याचे बिल शून्य आल्याची खात्री झाल्यावरच खाते बंद करावे.