पाळत ठेवा, पण वाट अडवू नका

जून उजाडला की अकोला-अमरावतीकडे पेरणीचं सगळं गणित पावसाच्या अंदाजावर येऊन थांबतं. त्या अंदाजामागची आकडेमोड पुण्यात होते. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ‘अर्का’ हा ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा महासंगणक सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. २६ मे २०२५ पासून ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ देशाचे आधीच्या बाराऐवजी सहा किलोमीटरचे चौकोन पाडून हवामान मांडते. चौकोन लहान झाला की आकडेमोड कित्येक पटींनी वाढते, आणि ती वेळेत संपली नाही तर अंदाजाचा उपयोग काय?

महासंगणकाशी वऱ्हाडाचं नातं तसं जुनं. विजय भटकर मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावचे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सीडॅक या सरकारी संगणन संस्थेचं नेतृत्व त्यांनी केलं आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा राहिला. आज जगातले सगळ्यात वेगवान पाचशे महासंगणक लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात; नोव्हेंबर २०१७ पासूनच्या प्रत्येक यादीत हेच चित्र आहे. शेगाव किंवा अमरावतीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्रयोगशाळेत जे लिनक्स असतं, त्याच घराण्यातलं हे.

अशी यंत्रणा मंदावली की पहिला प्रश्न वऱ्हाडीतच पडतो: हे काहून रखडून राह्यलं? त्याचं उत्तर शोधायला यंत्रावर पाळत ठेवावी लागते. पण पाळत ठेवणारा तेच प्रोसेसर आणि तीच मेमरी वापरतो. त्याच्या वावरण्यानेच काम मंदावलं, तर हाती येणारं मोजमाप कामाचं नसतं, पाळतीचं असतं.

या पाळतीची सोयीची जागा म्हणजे सिस्टिम कॉल. साधारणपणे कोणताही प्रोग्राम डिस्कला किंवा नेटवर्कला स्वतः हात लावू शकत नाही. फाइल उघडायची, चार अक्षरं लिहायची, पलीकडच्या यंत्राशी बोलायचं, तर कर्नेलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, मागणी करावी लागते. ही मागणी म्हणजे सिस्टिम कॉल. लिनक्समध्ये असे तीनशेहून अधिक प्रकार आहेत. ते बघितले की प्रोग्राम नेमका कुठे अडकलाय ते कळतं.

बघण्याचं जुनं साधन म्हणजे ‘एसट्रेस’. १९९१ मध्ये पॉल क्रॅननबर्ग यांनी ते सन कंपनीच्या यंत्रांसाठी लिहिलं, पुढे ते लिनक्सवर आलं. त्याची रीत बाजार समितीच्या फाटकावर बसलेल्या एखाद्या कडक कारकुनासारखी आहे. कापसाची प्रत्येक गाडी आत जाताना थांबवायची, बाहेर पडताना पुन्हा थांबवायची, आणि दर वेळी गाडीवानाने खाली उतरून कारकुनाची नोंद होईपर्यंत उभं राहायचं. एसट्रेस प्रत्येक सिस्टिम कॉलच्या सुरुवातीला आणि शेवटी प्रोग्रामला गोठवतो, प्रोसेसर स्वतःकडे घेतो, प्रोग्रामची मेमरी वाचतो आणि मग त्याला पुढे सोडतो.

याची किंमत किती, हे अभियंते ब्रेंडन ग्रेग यांनी २०१४ मध्ये एका मुद्दाम टोकाच्या चाचणीत दाखवलं. ‘डीडी’ या आज्ञेकडून त्यांनी एकेक बाइट वाचून लिहून घेतला, पाच लाखांहून अधिक वेळा. म्हणजे दहा लाखांवर सिस्टिम कॉल. नुसतं चालवलं तेव्हा काम सुमारे ०.१ सेकंदात संपलं. एसट्रेस लावल्यावर लागले सुमारे ४६ सेकंद. ४४२ पट! खरी गंमत पुढे आहे. त्यांनी एसट्रेसला फक्त ‘अ‍ॅक्सेप्ट’ हा एकच कॉल बघायला सांगितला होता आणि डीडी तो कॉल कधी करतच नाही. नोंद एकही झाली नाही, भुर्दंड मात्र पूर्ण बसला. कारण निवड गाडी थांबवल्यावर होत होती.

त्यामुळे पहिली सुधारणा उघड होती: निवड थांबवण्याआधी करायची. सप्टेंबर २०१९ च्या ५.३ आवृत्तीत एसट्रेसला तसा पर्याय मिळाला. त्यात कर्नेलच्या आतच एक चाळणी बसते. हवे ते कॉलच थांबतात, बाकीचे सरळ पुढे जातात. हा पर्याय आपणहून लागू होत नाही, मागावा लागतो, आणि बरेच जण तो मागत नाहीत.

दुसरी वाट म्हणजे प्रोग्रामला थांबवायचंच नाही. २००४ मध्ये लिनक्स २.६.९ मध्ये ‘केप्रोब’ आले. त्यांचा पहिला मसुदा २००२ मध्ये आयबीएमच्या भारतातल्या अभियंत्याने लिहिला होता. चालू कर्नेलच्या जवळजवळ कोणत्याही ओळीवर खूण करायची, अंमल तिथे पोहोचला की आपलं छोटं काम उरकायचं आणि त्याला पुढे जाऊ द्यायचं. सुरुवातीला त्या खुणेसाठी प्रोसेसरचा ‘ब्रेकपॉइंट’ वापरत, आणि तो महाग पडतो. २०१० मध्ये मासामी हिरामात्सु यांनी शक्य तिथे त्या जागी साधी ‘उडी’, म्हणजे थेट दुसऱ्या जागी जाण्याची सूचना, बसवली.

पाळत बंद असताना काय? तिथेही युक्ती आहे. कर्नेलमधल्या ठरावीक टेहळणीच्या जागांवर एरवी ‘काहीच करू नको’ एवढं सांगणारी सूचना पडून असते. पाळत सुरू केली की चालू कर्नेलमध्येच ती बदलून तिथे उडी येते. त्यामुळे बंद अवस्थेतला खर्च जवळजवळ शून्य.

आजचं मुख्य हत्यार मात्र ‘ईबीपीएफ’. अलेक्सी स्टारोवोइटोव्ह यांचं हे काम २०१४ पासून लिनक्समध्ये येत गेलं. यात आपला छोटा प्रोग्राम कर्नेलच्या आत चालतो. त्याआधी एक तपासनीस तो ओळ न् ओळ तपासतो: हा कधीतरी संपेल ना, भलत्या मेमरीला हात लावणार नाही ना? अशा तपासणीचं मोल १९ जुलै २०२४ ला जगाला वेगळ्या वाटेने कळलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे त्यांचा विंडोजच्या कर्नेलमधला भाग कोसळला, सुमारे ८५ लाख यंत्रं बंद पडली आणि भारतातल्या काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहिले गेले.

वेगाच्या दृष्टीने ईबीपीएफचा मोठा फायदा हा की हिशेब आतच होतो. दहा लाख नोंदी बाहेर पाठवून मग मोजायच्या नाहीत. आतच बेरीज करायची आणि शेवटी बाहेर आणायचा तो फक्त तक्ता. तरी खबरदारी लागतेच. सगळ्या सिस्टिम कॉलच्या सामाईक दारावर पाळत लावली, तर यंत्रावरच्या प्रत्येक प्रोग्रामला लांबच्या वाटेने जावं लागतं, ज्याच्याशी आपलं घेणंदेणं नाही त्यालाही. फाइल कोण उघडतं एवढंच हवं असेल, तर फाइल उघडणाऱ्या फंक्शनवरच बसावं.

महासंगणकावर ही काटकसर किती मोलाची, ते २००३ मध्ये लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी ‘अ‍ॅस्की क्यू’वर दाखवलं. ८,१९२ प्रोसेसरचं हे यंत्र अपेक्षेपेक्षा बरंच हळू चालत होतं. दोष ना गणितात सापडला ना नेटवर्कमध्ये. अधूनमधून जागी होणारी ऑपरेटिंग सिस्टिमची बारीकसारीक कामं नडत होती. हजारो प्रोसेसर एका टप्प्यावर एकमेकांची वाट बघतात. एक रेंगाळला की सगळे रेंगाळतात. या बारीक कामांची कुजबुज कमी केल्यावर, नवं हार्डवेअर न घेता, एका महत्त्वाच्या प्रोग्रामचा वेग दुप्पट झाला. टेहळणीचं साधन हीदेखील तशीच एक कुजबुज.

दरम्यान मूळ मागणीच, म्हणजे सिस्टिम कॉलच, महाग झाली. जानेवारी २०१८ मध्ये ‘मेल्टडाउन’ ही प्रोसेसरमधली त्रुटी उघड झाली. तिच्यावरच्या उपायामुळे कर्नेलमध्ये ये-जा करण्याचा खर्च अनेक यंत्रांवर वाढला. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना कॉल कमी करण्याचं आणखी एक कारण मिळालं, आणि २०१९ मध्ये आलेल्या ‘आयओ यूरिंग’ने त्यांची सोय केली. यात मागण्या एका सामाईक रांगेत ठेवायच्या आणि कर्नेलने त्या तिथून उचलायच्या. एकेका वाचन-लेखनासाठी वेगळा सिस्टिम कॉल लागत नाही. ही कामं एसट्रेसला एकेकटी दिसत नाहीत. फक्त सिस्टिम कॉलवर नजर ठेवणारी सुरक्षा साधनंही इथे आंधळी ठरतात. त्यामुळे आता पाळतीच्या खुणा फाटकापासून उठवून कर्नेलमध्ये आणखी खोल, प्रत्यक्ष वाचन-लेखन होतं तिथे, न्याव्या लागत आहेत.