पाळण्याशेजारचे मांजर

पहिलटकरीण बाळंतपणासाठी माहेरी येते, हा रिवाज महाराष्ट्रातील बहुतेक घरांत आजही पाळला जातो. प्रसूती आता सर्वसाधारणपणे रुग्णालयात होत असली, तरी दोन-तीन दिवसांनी माता व बालक घरी येतात आणि पुढील दोन-तीन महिने बाळंतिणीच्या खोलीत घालवतात. या खोलीत उबदारपणा असतो, गोधड्या असतात, दुधाचा वास असतो आणि वर्दळ कमी असते. नेमक्या याच चार गोष्टी मांजराला प्रिय असल्यामुळे एरवी चुलीजवळ किंवा धान्याच्या पोत्यांवर निजणारे मांजर या दिवसांत पाळण्याकडे ओढले जाते.

मांजर पाळणे ही ग्रामीण कुटुंबात केवळ हौसेची बाब नाही. उंदरांपासून धान्याचे रक्षण करणारा तो घरचा राखणदारच होय. उंदीर हा लेप्टोस्पायरोसिससारख्या रोगांचा वाहक आहे, आणि निजलेल्या तान्ह्या मुलाला तो चावतोही. त्यामुळे बाळ येणार म्हणून मांजर पोत्यात घालून गावाबाहेर सोडून देणे हा उपाय म्हणजे एक धोका घालवून दुसरा ओढवून घेण्यासारखे आहे. शिवाय पाळीव प्राण्याला असे बेवारस सोडणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाखाली अपराध आहे. सोडलेले मांजर पुष्कळदा दोन दिवसांनी आपण होऊन परत येते, हा अनुभव तर घरोघरचा आहे.

मांजर व मूल यांचा संबंध लोकमानसात जुना आहे. महाराष्ट्रात पाचवीच्या पूजेला जिचे स्मरण होते ती सटवाई म्हणजे मुलांची रक्षक षष्ठी देवी, असे अभ्यासक मानतात. आणि बंगालमध्ये या षष्ठीचे वाहन मांजर आहे. दुसऱ्या बाजूस आडवे गेलेले मांजर अशुभ समजण्याची प्रथाही येथलीच. या दोन टोकांच्या मधली वस्तुस्थिती अशी की, मांजराच्या मनात बाळाविषयी वैर नसते आणि माया असतेच असेही नाही. त्याला ऊब हवी असते, इतकेच.

धोका निर्माण होतो तो या उबेतूनच. नवजात अर्भकाचे वजन सामान्यतः अडीच ते तीन किलो असते, तर पूर्ण वाढलेले मांजर तीन ते चार किलोचे भरते. पहिल्या काही महिन्यांत बाळाला मान सावरता येत नाही, कुशीवर वळता येत नाही, तोंडावर आलेली वस्तू हाताने दूर सारता येत नाही. अशा बाळाच्या छातीशी किंवा तोंडाशी मांजर अंग टाकून निजल्यास श्वास कोंडण्याचा संभव असतो, आणि बाळाला ओरडून सांगताही येत नाही. म्हणून बाळ निजलेले असताना मांजर त्या खोलीत नसावे, हा पहिला नियम होय. खोलीला दार असेल तर ते लावावे व खिडकीला जाळी बसवावी. एकखणी घरात हे शक्य नसते. तेथे पाळण्यावर मच्छरदाणी असावी, परंतु ती ताणून बांधलेली असावी. सैल मच्छरदाणी ही मांजराच्या दृष्टीने आयती झोळीच असते आणि तिच्यासकट ते बाळावर येते. बाळाजवळ जागते माणूस असावे, हे तर सांगावयास नकोच. मात्र दुपारच्या वेळी आजीचाही डोळा लागतो, हे गृहीत धरून व्यवस्था करावी.

ही व्यवस्था बाळ घरी आल्यावर नव्हे, तर महिना-दीड महिना आधी करणे शहाणपणाचे ठरते. मांजर हा सवयीचा प्राणी आहे. त्याची निजण्याची जागा अगोदरच पडवीत किंवा माळ्यावर हलवावी, तेथे जुने कांबळे घालावे आणि खाणे त्याच ठिकाणी, ठरावीक वेळी द्यावे. बाळ आल्यानंतर एकाएकी मार देऊन हुसकण्यास सुरुवात केली, तर ते बिथरते, आणि बिथरलेल्या मांजराचीच नखे लागतात. बाळाचे वापरलेले दुपटे त्याला हुंगू दिल्यास नवा वास त्याच्या परिचयाचा होतो. व्यालेल्या मांजरीच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. ती पिल्ले तोंडात धरून निवांत कोपरा शोधीत हिंडते, बाळंतिणीच्या बाजेखालची जागा तिला पसंत पडते, आणि पिल्लांजवळ येणाऱ्यावर ती धावून जाते.

गर्भवतीसंबंधीची काळजी याहून निराळी आहे. टोक्सोप्लाझ्मा नावाच्या सूक्ष्म परजीवीचे बीज मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडते, हे १९७० च्या सुमारास निश्चित झाले. स्त्रीला हा संसर्ग गर्भारपणात प्रथमच झाला, तर गर्भाच्या डोळ्यांना व मेंदूला इजा पोहोचू शकते. तथापि यात घाबरून जाण्याचे कारण नाही. मांजराला कुरवाळल्याने सहसा हा रोग होत नाही. विष्ठेतील बीज संसर्गक्षम होण्यास एक ते पाच दिवस लागतात. म्हणून मांजराच्या राखेचे किंवा मातीचे खोके रोजच्या रोज साफ केले, आणि ते काम गर्भवतीऐवजी घरातील दुसऱ्या कोणी केले, की हा धोका पुष्कळच टळतो. कच्चे राहिलेले मांस, न धुतलेल्या पालेभाज्या आणि परसातील माती हेही या संसर्गाचे मार्ग आहेत. परसबागेत खुरपणी केल्यावर साबणाने हात धुण्याची सवय म्हणूनच मोलाची आहे, मग घरात मांजर असो वा नसो.

सर्वांत गंभीर प्रश्न रेबीजचा. हा रोग केवळ कुत्र्यामुळे होतो ही समजूत चुकीची आहे. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेले मांजरही तो फैलावू शकते, आणि लक्षणे दिसू लागल्यानंतर हा रोग जवळजवळ निश्चितपणे प्राणघातक ठरतो. मांजर चावले किंवा त्याने ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटे धुवावी. हळद, मिरची, तेल, चुना यांपैकी काहीही लावू नये. नंतर विलंब न करता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. रक्त न येणाऱ्या ओरखड्यालाही लस आवश्यक असते; रक्त आले असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. बाळाच्या ओठांवर राहिलेले दूध मांजराने चाटणे हा प्रकार घरांत हसण्यावारी नेला जातो. परंतु तोंडाच्या आतील नाजूक त्वचेला लाळ लागणे हे वैद्यकीयदृष्ट्या रक्त काढणाऱ्या चाव्याच्याच वर्गात मोडते. दूध पाजल्यावर बाळाचे तोंड स्वच्छ पुसावे ते याचसाठी. मांजरावर दहा दिवस नजर ठेवावी. पण त्या काळात लस लांबणीवर टाकू नये.

पुष्कळ वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात पोटात घ्यावयाच्या चौदा इंजेक्शनांची धास्ती आजही आहे आणि तिच्यामुळे मोलाचे दिवस वाया जातात. ती जुन्या पद्धतीची लस भारतात २००४ मध्येच बंद झाली. आताची लस मोठ्यांना दंडावर व तान्ह्या मुलांना मांडीवर देतात, आणि मात्राही मोजक्याच असतात. शिक्षकांनी वर्गात व ग्रामसभेत एवढी एक गोष्ट सांगितली तरी उपयोग होईल.

मांजराला रेबीजची लस साधारणतः तीन महिन्यांच्या वयानंतर टोचता येते व पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दरवर्षी द्यावयाची असते. कुत्र्यांसाठी लसीकरणाचा दिवस ठरवताना गावातील मांजरांचा विचार क्वचितच होतो. पंचायतीने पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून त्यांचाही समावेश करून घ्यावा. मांजर हाती लागणे कठीण असते, तेव्हा टोपलीवर जाळे बांधून किंवा उशीच्या अभ्र्यात घालून त्याला आणणे सोयीचे पडते.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी नवजात बालकांच्या घरगुती देखभालीचा जो प्रयोग केला, त्याच्या धर्तीवर आज आशा कार्यकर्त्या रुग्णालयातील प्रसूतीनंतर ४२ दिवसांत सहा वेळा घरी भेट देतात. त्या बाळाचे वजन करतात, ताप पाहतात. त्याच वेळी बाळ कोठे निजते, मच्छरदाणी ताणलेली आहे काय आणि मांजराची निजण्याची जागा कोठे आहे, एवढे पाहण्यास दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. माहेरची व्यवस्था नीट लागली, तरी तिसऱ्या महिन्यात बाळ सासरी जाते. तेथील मांजराने त्याला कधी पाहिलेले नसते, आणि आशाच्या या सहा भेटीही तोवर संपलेल्या असतात. सासरच्या मंडळींना हे सर्व बाळ निघण्यापूर्वीच कळवलेले बरे.