सिंदेवाहीच्या आकाशाची नोंदवही

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याचा दिवस, संध्याकाळचे पावणेआठ. अमावास्या नुकतीच सरलेली, त्यामुळे चंद्राचा अडथळा नाही. अशा वेळी गुजरात, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राच्या मोठ्या पट्ट्यातून जळत्या तुकड्यांची एक रांगच आकाशात सरकत गेली. मोबाइल वर झाले, चित्रफिती गावोगाव फिरल्या. कुणी उल्का म्हणाले, कुणी विमान, कुणी क्षेपणास्त्र. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात मात्र प्रकरण चर्चेवर थांबले नाही. लाडबोरी गावात धातूची आठ-दहा फूट व्यासाची कडी मोकळ्या जागेत येऊन पडली. दुसऱ्या दिवशी पवनपारला काळपट गोळा सापडला आणि पुढच्या काही दिवसांत आसपासच्या शिवारांतून तसेच आणखी गोळे मिळाले. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. सामान पोलिसांच्या ताब्यात गेले, इस्रोचे शास्त्रज्ञ पाहणीला आले. उपग्रह आणि रॉकेटांच्या कक्षांचा हिशेब ठेवणारे अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी हा फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चीनच्या ‘चांग झेंग ३बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा असावा, असे सांगितले. हे रॉकेट उपग्रहाला लांबट कक्षेत सोडते. त्या कक्षेचे एक टोक ३६ हजार किलोमीटरवर, तर दुसरे पृथ्वीच्या अगदी जवळ असते. जवळच्या टोकाशी दर फेरीत विरळ हवेचे घर्षण होते, कक्षा आक्रसत जाते आणि रिकामा टप्पा कधीतरी खाली येतो.

उल्का आणि परतणारे रॉकेट यांतला फरक ओळखायला दुर्बीण लागत नाही. उल्का सेकंदाला किमान ११ आणि कमाल सुमारे ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते. बहुतेक उल्का शेजाऱ्याला हाक मारेपर्यंत संपलेल्या असतात. कक्षेतून उतरणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या आसपास असतो आणि तिचा मार्ग जमिनीला जवळजवळ समांतर असतो. म्हणून ती अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त वेळ दिसते, तिचे तुकडे होतात आणि ते सगळे एकाच दिशेने चालत राहतात. ती जळते ८० किलोमीटरच्या आसपास उंचीवर, त्यामुळे पाचशे किलोमीटर दूरच्या माणसालाही ती क्षितिजाच्या सहा-सात अंश वर दिसू शकते. ‘आमच्या गावामागच्या टेकडीपलीकडे पडली’ असे दहा जिल्ह्यांतली माणसे एकाच वेळी प्रामाणिकपणे सांगतात, ते यामुळे. प्रत्यक्षात तुकड्यांचा उजेड बऱ्याच उंचीवरच विझतो आणि उरलेला भाग अंधारातून, काही मिनिटे घेत, खाली येतो. पवनपारला सापडलेल्या गोळ्यासारख्या, दाबाखालचा वायू साठवणाऱ्या टाक्या टायटॅनियमसारख्या धातूच्या आणि वरून तंतूंचे वेढे दिलेल्या असतात. टायटॅनियम १,६०० अंश सेल्सिअसच्या वर वितळते. बाकीचे रॉकेट जळून गेले तरी अशा टाक्या शाबूत जमिनीवर पोहोचतात, ते त्यामुळेच.

या घटनेतून आकाशनिरीक्षणाबद्दलची एक रूढ समजूत तपासून पाहता येते. आकाश पाहायचे तर ते काळेभोर आणि निरभ्र हवे, हाताशी दुर्बीण हवी. शहरात राहणाऱ्याने आणि पावसाळ्यात कुणीच या नादी लागू नये, असे आपण धरून चालतो. पाडव्याच्या संध्याकाळी काय कमी होते? आकाश मोकळे होते, पाहणारे असंख्य होते, प्रत्येकाच्या हातात कॅमेरा होता. तरीही पहिल्या दिवसांत उल्केपासून त्याच संध्याकाळी न्यूझीलंडमधून सुटलेल्या एका रॉकेटपर्यंत अनेक अंदाज शेजारीशेजारी चालले. अशा अंदाजांतून निवड करतात वेळ आणि दिशा. कक्षेतली वस्तू मिनिटाला साडेचारशेहून अधिक किलोमीटर जाते, म्हणजे घड्याळातली एका मिनिटाची ढिलाई नकाशावर नागपूर-नांदेडपेक्षा मोठे अंतर होऊन बसते. चित्रफितीत प्रकाश दिसतो; तो कुठे उभे राहून, कोणत्या दिशेला, क्षितिजापासून किती वर आणि नेमका किती वाजता पाहिला, हे पाहणाऱ्यानेच लिहावे लागते. हौशी निरीक्षणाचे मोल आकाशाच्या प्रतीपेक्षा नोंदीच्या शिस्तीवर ठरते. आणि ही शिस्त खराब आकाशाखालीही पाळता येते, किंबहुना तिथेच तिची गरज जास्त असते.

ढगांपासून सुरुवात करू. झाडीपट्टीत जून ते सप्टेंबर आकाश बहुधा झाकलेलेच. ऑगस्टमधला ययातीचा प्रसिद्ध उल्कावर्षाव महाराष्ट्राच्या नशिबी क्वचितच येतो. पण ढगाळ रात्र कोरी नसते. ढग हा खालच्या उजेडाचा पडदा असतो. बर्लिनमध्ये झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत ढगाळ रात्रीचे शहरातले आकाश निरभ्र रात्रीपेक्षा सुमारे दहापट उजळ आढळले. दिवे नसलेल्या रानात याच्या उलट घडते: ढग तारे झाकतात आणि आकाश आणखी काळे होते. म्हणजे सिंदेवाहीच्या गच्चीवरून ढगाळ रात्री कोणत्या दिशेचा ढग तांबूस उजळतो आणि कोणत्या दिशेचा काळा राहतो, एवढे टिपले तरी चंद्रपूर, बल्लारपूरकडच्या औद्योगिक पट्ट्याचा उजेड इथवर किती पोहोचतो याचा अंदाज घेता येतो. तीच नोंद पाच वर्षे त्याच जागेवरून केली, तर उजेडाचा इतिहास तयार होतो. पातळ, उंच ढगांत बर्फाचे स्फटिक असले की चंद्राभोवती २२ अंश त्रिज्येचे खळे पडते. खळे कोणत्या तिथीला, त्यानंतर किती दिवसांनी पाऊस, हे लिहून ठेवले तर म्हातारीकोतारी सांगत आलेला ठोकताळा आपल्या शिवारात किती वेळा खरा ठरतो, हेही तपासता येईल. हवामानखाते आकाशाचे आठ भाग कल्पून ढगांचे प्रमाण मोजते. त्यासाठीही उपकरण लागत नाही.

शहरी उजेडाचा प्रश्न जास्त अवघड आहे, कारण ढग निघून जातात आणि दिवे वाढत राहतात. २०१६ च्या जागतिक नकाशानुसार जगातल्या सुमारे एक तृतीयांश माणसांना राहत्या जागेवरून आकाशगंगेचा पट्टा दिसत नाही. २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने २०११ ते २०२२ या काळात आकाशाचा उजळपणा वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढल्याचा निष्कर्ष काढला. या वेगाने, ज्या जागी मूल जन्मले तेव्हा २५० तारे दिसत, तिथे ते अठरा वर्षांचे होईपर्यंत शंभरच उरतील. हा निष्कर्ष कोणत्याही महागड्या वेधशाळेचा नाही. जगभरच्या सामान्य माणसांनी आपापल्या अंगणातून, बहुतेकांनी उजेडाने मळलेल्या आकाशाखालून, ‘मला कुठपर्यंतचे तारे दिसतात’ एवढेच कळवले आणि अशा पन्नास हजारांहून जास्त नोंदींतून तो आकडा निघाला. उपग्रहांना मात्र ही वाढ इतकी जाणवली नव्हती. वर न जाता आडवा पसरणारा आणि एलईडीचा निळसर उजेड त्यांच्या उपकरणांतून बराचसा निसटतो. म्हणजे इथे साधा डोळा उपग्रहाच्या पुढे गेला. ही मोजणी आपल्याकडे हिवाळ्यात मृग नक्षत्रावर करता येते: चार कोपऱ्यांचे तारे आणि मधला तीन ताऱ्यांचा बाण नागपुरातूनही दिसतो, त्या चौकोनात याखेरीज किती तारे मोजता आले, हीच नोंद. याच नक्षत्रातली काक्षी २०१९-२० च्या हिवाळ्यात इतकी मंदावली की रोहिणीपेक्षा फिकी दिसू लागली, आणि तो बदल दिव्यांच्या गावातही नुसत्या डोळ्यांना कळत होता.

यावर पहिला आक्षेप असा की, हौशी माणसाची नोंद चुकते. ती चुकतेच. पण चूक मोजता येईल अशा रीतीने नोंद केली तर ती उपयोगी राहते. हात सरळ लांब धरला की करंगळीची रुंदी सुमारे एक अंश आणि मुठीची सुमारे दहा अंश भरते. ‘खूप वर’ असे लिहिण्यापेक्षा ‘आग्नेयेला, तीन मुठी वर’ असे लिहिणाऱ्याची चूक काही अंशांची असेल. दुसऱ्या गावातून तशीच नोंद आली की दोन्ही रेषा जुळवून उंची आणि मार्ग काढता येतो. रूपविकारी ताऱ्यांच्या हौशी निरीक्षकांची अमेरिकन संघटना १९११ पासून अशाच डोळ्यांनी केलेल्या नोंदी जमवते आहे आणि व्यावसायिक संशोधक त्या वापरतात. पुण्यात १९४४ साली सुरू झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेने महाराष्ट्रातही ही परंपरा रुजवली. विदर्भातला दाखला हवा असेल तर २२ मे २०१२ ला भरदुपारी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात पडलेल्या उल्काश्मांचा आहे. ते तुकडे शास्त्रज्ञांपर्यंत पोहोचले, म्हणूनच २०२१ मध्ये त्यात ब्रिजमनाइट सापडल्याचे प्रसिद्ध होऊ शकले. पृथ्वीच्या पोटात खोलवर विपुल असलेले हे खनिज वरच्या माणसाच्या हाती जवळजवळ लागतच नाही.

दुसरा आक्षेप: रडार आणि उपग्रह असताना अंगणातल्या माणसाची गरज काय? अंतराळातला कचरा केव्हा कोसळेल याचे भाकीत हवेच्या घनतेवर अवलंबून असते आणि ती सूर्याच्या लहरीप्रमाणे बदलते. उरलेल्या वेळाच्या वीसेक टक्के चूक ही या भाकितांत सर्रास धरली जाते. एक तास आधी वर्तवलेली वेळ दहा-बारा मिनिटांनी चुकली, तर तेवढ्यात वस्तू पाच हजार किलोमीटर पुढे गेलेली असते. लाडबोरीसारख्या ठिकाणी नेमके काय पडले हे अखेर तिथल्या माणसांनीच सांगितले. १९६८ आणि १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारांनुसार सापडलेली वस्तू कळवण्याची आणि नुकसानीच्या जबाबदारीची व्यवस्था आहे. तिचा पहिला दुवाही असा गावातला साक्षीदार असतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो या मातीतला आहे. सिंदेवाही, ब्रह्मपुरी, चिमूर, नागभीड या पट्ट्यात वाघ-बिबट्यांचा वावर गावाच्या वेशीपर्यंत आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडायला पहाटे निघालेल्या माणसांवर हल्ले होतात. अशा लोकांना काळोखाचे कौतुक सांगणे आणि खांबावरचा दिवा नको म्हणणे हा शहरी चोचला ठरेल. हा आक्षेप मान्य केलाच पाहिजे: जिथे माणूस रात्री चालतो तिथे दिवा हवा, आणि निरीक्षण गच्चीवरून वा घराच्या अंगणातून करावे, रानात जाऊन नव्हे. पण दिव्याचा उजेड वाटेवर पडायला हवा; निम्मा आकाशात गेला तर वाटेवरच्या माणसाचे संरक्षण त्याने वाढत नाही, उलट डोळ्यांवर येणाऱ्या झगझगाटामुळे झुडपामागचा काळोख अधिकच गडद होतो. पेंच व्याघ्र प्रकल्पाने हे करून दाखवले आहे. वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभराहून अधिक दिवे खाली तोंड असलेले बसवल्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये पेंचला भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ ही मान्यता मिळाली. तिथेही वाघ आहेत आणि माणसेही.

शिवाय आकाश ओळखणे इथे बाहेरून आणावे लागत नाही. गणेश हलकारे आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया यांनी विदर्भातल्या गोंड गावांत फिरून २०१३ मध्ये गोंडांच्या आकाशज्ञानावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. सप्तर्षींत त्या समाजाला खाट आणि ती पळवणारे तीन चोर दिसतात, मृगात नांगर दिसतो. दिवाळीनंतर मंडया आणि रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटके सुरू होतात, तोच काळ स्वच्छ आकाशाचा. १३-१४ डिसेंबरचा मिथुन राशीतला उल्कावर्षावही त्यातच येतो. ज्या भागात माणसे हिवाळ्यात रात्री जागी असतात, तिथे निरीक्षक शोधत हिंडावे लागत नाही.

मग करायचे काय? तालुक्यातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेत एक नोंदवही ठेवता येईल. तारीख आणि मोबाइलवरची नेमकी वेळ, जागा, दिशा, मुठींत उंची, ढग आठांपैकी किती, मृगाच्या चौकोनातले तारे किती: एवढे रकाने पुरेत. काही दिसले नाही तर ‘दिसले नाही’ असेही लिहावे, कारण ढगांमुळे न दिसणे आणि आकाश मोकळे असून न दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या वहीने दिवे कमी होणार नाहीत, ढग हटणार नाहीत आणि अंतराळातला कचराही थांबणार नाही. मात्र पुढच्या वेळी आकाशातून काही सरकत गेले, तर सिंदेवाहीच्या दोन आणि गडचिरोलीच्या एका शाळेतल्या तीन ओळी जुळवून ते काय होते आणि कुठे शोधायचे, हे पहिल्याच रात्री बरेचसे सांगता येईल. ग्रामपंचायतीने नवा दिवा बसवताना त्याचे तोंड कुठे करावे, हा वादही मग पाच वर्षांचे आकडे समोर ठेवून करता येईल.