खाऱ्या टाकीचा हिशेब

खाऱ्या पाण्याच्या घरगुती टाकीत मासा सर्वांत शेवटी येतो. त्याआधी समुद्र तयार करावा लागतो आणि पुढे तो टिकवावा लागतो. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या पुनर्बांधणीच्या बातम्यांत कोटींचे आकडे असतात, पाण्याचा उल्लेख क्वचितच. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उभ्या राहिलेल्या त्या वास्तूसमोर निदान अरबी समुद्र होता. कोथरूड किंवा डोंबिवलीतल्या दिवाणखान्यात मात्र समुद्र बादलीत मीठ विरघळवूनच आणावा लागतो.

मुंबईकरांना चौपाटीवरून कॅन भरून आणण्याचा मोह होतो; तो आवरलेला बरा. किनाऱ्यालगतच्या पाण्यात शहराचे सांडपाणी मिसळलेले असते, आणि पावसाळ्यात नद्यानाल्यांच्या लोंढ्याने त्याचा खारेपणाही उतरतो. जानेवारीत भरलेला कॅन आणि जुलैत भरलेला कॅन यांतले पाणी एकसारखे नसते.

पाणी आणायचे कुठून, ही अडचण या छंदाइतकीच जुनी आहे. १८४६ साली ॲना थिन या बाईंनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्कीहून जिवंत प्रवाळ लंडनला नेले. समुद्राचे पाणीही तिकडूनच आणवावे लागे, त्यामुळे ते वरचेवर फेकून देणे शक्य नव्हते. मग तेच पाणी ताजे राहावे म्हणून घरातली मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत असे. आज हे काम दोनचार वॅटचा पंप करतो. पुढे बाईंनी पाण्यात समुद्री शेवाळ ठेवले आणि मोलकरणीचे कष्ट हलके झाले. मत्स्यालयांच्या इतिहासात या दोघींच्या वाट्याला आलेले श्रेय तसे तोकडेच आहे.

ते बहुतेक गेले फिलिप हेन्री गॉस या निसर्ग-अभ्यासकाकडे, आणि अगदीच अनाठायी गेले असे नाही. १८५४ मध्ये त्याने किनाऱ्यावाचूनच काम भागवले. ब्रायटनच्या समुद्रपाण्याचे रासायनिक विश्लेषण समोर ठेवून त्याने चार क्षार निवडले: साधे मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. ते गोड्या पाण्यात विरघळवून त्याने त्यात समुद्री प्राणी आणि वनस्पती वाढवल्या. कॅल्शियमचे क्षार त्याने मुद्दाम वगळले होते. प्रवाळ वाढवायचे असतील तर ती पाककृती आज अपुरी पडेल.

ही युक्ती का चालते, याचा पक्का आधार रसायनशास्त्रज्ञ विल्यम डिटमारच्या कामातून मिळाला. ‘चॅलेंजर’ जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून गोळा केलेल्या पाण्याचे ७७ नमुने त्याने तपासले आणि १८८४ मध्ये निष्कर्ष मांडले. पाणी थोडे कमी खारे असो वा जास्त, खुल्या समुद्रात प्रमुख क्षारांचे एकमेकांशी प्रमाण जवळपास कायम राहते. त्यांत सोडियम आणि क्लोराइड मिळून सुमारे ८५ टक्के भरतात. उरलेल्यांत सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम. स्वयंपाकघरातले मीठ फक्त ते ८५ टक्के देते. मरीन सॉल्टच्या पिशवीला जे पैसे मोजावे लागतात, ते उरलेल्या १५ टक्क्यांचे.

हे मीठ ज्यात मिसळायचे ते पाणी कोरे हवे. बोअरवेलच्या पाण्यात चुना, नायट्रेट आणि सिलिकेट येऊ शकतात, नळाच्या पाण्यात क्लोरीन. घरच्या आरओवर आंधळा विश्वास टाकू नये: पिण्याच्या पाण्याला चव राहावी म्हणून त्यातल्या अनेक यंत्रांत टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज बसवलेले असते. काढलेले क्षार यंत्र पुन्हा घालते आणि टाकीत शेवाळ माजले की दोष माशांच्या खाद्याला दिला जातो. आरओनंतर उरलेसुरले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनमधून गेलेले, टीडीएस मीटरवर शून्याच्या आसपास दाखवणारे पाणी योग्य. ते साठवायचे प्लास्टिकच्या खाद्ययोग्य ड्रममध्ये. तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याला घरात कितीही मान असो, कोळंबी, शंख आणि प्रवाळ यांना तांब्याचा अंशही मारक ठरतो.

एक लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मीठ लागते. नेमका आकडा त्यातल्या ओलाव्यावर आणि कंपनीवर ठरतो. आधी पाणी, मग हळूहळू मीठ, हा क्रम उलटू नये. मिठावर पाणी ओतले तर सुरुवातीच्या दाट द्रावणात कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो आणि तो सहजी परत विरघळत नाही. मिश्रण पंपाने काही तास, शक्यतो रात्रभर, फिरते ठेवायचे. खारेपणा दर हजारी ३५, म्हणजे २५ अंश सेल्सियसला सुमारे १.०२६ विशिष्ट गुरुत्व, हे लक्ष्य. काट्याच्या स्वस्त हायड्रोमीटरवर हवेचा एक बुडबुडा चिकटला तरी आकडा चुकतो. रिफ्रॅक्टोमीटर बरा, पण तोही ३५च्या प्रमाणित द्रावणावर जुळवलेला असावा.

पाणी उडून जाते, मीठ उडत नाही. इतकी साधी गोष्ट विसरल्याने टाक्या बिघडतात. १०० लिटर पाण्यात साडेतीन किलो क्षार असतात. पाच लिटर उडाले की तेवढेच क्षार ९५ लिटरमध्ये उरतात आणि खारेपणा ३६.८ होतो. ही तूट दर वेळी खाऱ्या पाण्याने भरून काढली, तर चार खेपांत टाकीत ७०० ग्रॅम जादा मीठ जाऊन आकडा ४२वर पोचतो. म्हणून रोजची भर कोऱ्या गोड्या पाण्याचीच. विदर्भातल्या मे महिन्यात, टाकीवर पंखा लावलेला असताना, हे काम दिवसातून दोनदाही करावे लागते.

आता पाणी बदलण्याकडे. ‘दर आठवड्याला दहा टक्के’ हा मंत्र दुकानदार आणि छंदिष्ट सारख्याच श्रद्धेने सांगतात. मंत्र वाईट नाही, पण त्यातला हिशेब क्वचित केला जातो. पाणी बदलणे ही सफाई नसून पातळ करणे आहे. नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅम असताना दहा टक्के पाणी बदलले, की ते ३६वर येते. असे पाच वेळा करूनही पन्नास टक्के उतरत नाही, ४१ टक्केच उतरते. आणि खाद्य व विष्ठेमुळे दर आठवड्याला दहा मिलिग्रॅमची भर पडत असेल, तर दहा टक्क्यांच्या नेमाने नायट्रेट शेवटी ९० ते १०० यांच्या दरम्यान स्थिरावते. वीस टक्के बदलले तर ४० ते ५०. तेव्हा आकडा चढत असेल तर आधी खाद्य कमी करावे, मासे कमी ठेवावेत, फेसाबरोबर घाण बाहेर काढणारा स्किमर नीट चालतो का ते पाहावे. केवळ बादल्या वाढवून भागत नाही. पाणी बदलण्याचा दुसरा उपयोग मात्र निर्विवाद आहे: प्रवाळ आणि शंख वापरून टाकतात ते कॅल्शियम आणि क्षारता त्यातून थोडी भरून निघते.

पाणी बदलल्याने उपयुक्त जिवाणू वाहून जातात, ही भीती बरीचशी निराधार आहे. अमोनियाचे नायट्राइट आणि त्याचे नायट्रेट करणारे जिवाणू मुख्यतः खडकांवर आणि वाळूत चिकटून असतात.

प्रत्यक्ष कृती थोडक्यात उरकते. नव्या पाण्याचे तापमान आणि खारेपणा टाकीशी जुळवून घ्यायचा. मिठाची कंपनी बदलली असेल तर क्षारताही तपासायची, कारण तिच्यातला एकदम फरक प्रवाळांना सोसत नाही. हीटर आणि पंपांचे प्लग काढायचे, कारण पाण्याबाहेर उघडा पडलेला तापता हीटर तडकतो आणि ओल्या हातांना वीजही बरी नाही. सायफनने वाळूवरचा गाळ ओढत पाणी काढायचे, नवे सावकाश सोडायचे, तासाभराने खारेपणा पुन्हा मोजायचा. काढलेले पाणी कुंड्यांना घालू नये, त्यातले मीठ झाडे मारते. ते मोरीत ओतावे. खाडीत किंवा समुद्रात नको, कारण त्यातून परके जीव आणि रोगजंतू तिथल्या पाण्यात जातात.