तापानं माणूस लोळागोळा, मलेरियाचा परजीवी मात्र ठणठणीत, कसा?

लोहारा (यवतमाळ) : पावसाळ्यात हुडहुडी भरून ताप येतो, घाम सुटला की उतरतो, अन् एक दिवसाआड पुन्हा चढतो. एवढ्या तापात रक्तातला मलेरियाचा परजीवी भाजून का निघत नाही?

उष्णतेनं पेशीतली प्रथिनं बिघडतात. अंडं उकडल्यावर आतला पांढरा भाग घट्ट होतो, तसंच. माणसाच्या पेशीत अशा वेळी एचएसएफ-१ हे प्रथिन बचावाची जनुकं चालू करतं. फॅल्सिपेरम मलेरियाच्या परजीवीकडं ते नाहीच! त्याचा बटण दाबणारा वेगळा निघाला. बार्सिलोनाच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये तो दाखवून दिला : पीएफएपी२-एचएस. ताप चढला की हे प्रथिन मोजकीच जनुकं चालू करतं, मुख्यतः एचएसपी७० अन् एचएसपी९० ची. त्यातून तयार होणारी प्रथिनं इतरांची विस्कटलेली घडी सावरतात. हे बटण नसलेले परजीवी प्रयोगशाळेत ४१.५ अंशांवर तीन तास ठेवले, तर फारसे टिकले नाहीत. आर्टेमिसिनिन औषधापुढंही ते कमजोर पडले. म्हणूनच संशोधकांचा यावर डोळा आहे.

घरोघरी मात्र ‘गोळी घेतली, ताप उतरला, झालं’ असंच चालतं. पॅरासिटामॉलनं ताप उतरतो, परजीवी रक्तात तसाच राहतो. आशाताईंकडच्या किटवर बोटाच्या थेंबभर रक्तात वीसेक मिनिटांत कळतं. फॅल्सिपेरमचा मुख्य औषधोपचार तीन दिवसांचा. व्हायव्हॅक्स निघाला, तर यकृतात दडलेल्या परजीवीसाठी डॉक्टरांच्या सल्ल्यानं प्रायमाक्विन चौदा दिवस.