लोण्याचा वास कुठे चुकतो
घास आणि घोट : भाग ९

मागच्या भागात आंबवताना यीस्ट काय काय उद्योग करतं ते पाहिलं. त्या उद्योगाला गुण कोण देतं, कसे देतं, आणि मिळालेल्या गुणांचं करायचं काय, ते आज.

घरी बनवलेल्या बिअरच्या स्पर्धा होतात हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं, त्यात नवल नाही. १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर बनवणं गुन्हा आहे, मग ती स्वतःपुरती का असेना. ब्रिटनने घरगुती बिअरसाठी परवाना घेण्याची अट १९६३ साली काढली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७८मध्ये सही केली आणि पुढच्या फेब्रुवारीपासून एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोघं असतील तर घराला २०० गॅलन बिअर बनवायची मुभा मिळाली. तिथली राष्ट्रीय स्पर्धाही १९७९चीच. आपल्याकडे अशी मुभा नाही, तेव्हा मावळातल्या नवलाख उंबऱ्यात हे वाचणाऱ्याने परसात हंडा चढवू नये. पण तुमचा भाचा न्यू जर्सीच्या गॅरेजमध्ये हा छंद करत असेल, किंवा २००९मध्ये पुण्यात ‘डूलाली’ सुरू झाल्यापासून इथे रुजलेल्या मायक्रोब्रुअरींपैकी एखाद्या ठिकाणी तुम्ही पेला हातात घेत असाल, तर पुढचं उपयोगी पडेल.

स्पर्धेत बाटलीवर नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. एका बिअरला निदान दोन परीक्षक. ते आधी पितात असं वाटेल, पण आधी हुंगतात, कारण काही वास पेल्यातून मिनिटा-दोन मिनिटांत उडून जातात. अमेरिकेत १९८५मध्ये सुरू झालेल्या ‘बीजेसीपी’ या परीक्षक-प्रमाणन संस्थेची गुणपत्रिका बहुतेक ठिकाणी वापरतात. एकूण गुण ५०: वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या जडपणाला-हलकेपणाला ५ आणि एकंदर मताला १०. दिसण्याला फक्त ३! सोनेरी रंग आणि जाड फेस पाहून आपण जी वाहवा करतो तिची किंमत एवढीच, आणि मला ती रास्त वाटते. दोघांच्या बेरजेत साधारण ७ गुणांहून जास्त अंतर पडलं, तर त्यांनी बोलून ते कमी करायचं असतं.

खरी मेख आकड्यात नाही. बिअर पाठवताना ती कुठल्या प्रकारची आहे हे बनवणाऱ्यानेच लिहून द्यायचं असतं, आणि परीक्षक त्या प्रकाराच्या वर्णनाशी ती ताडून पाहतो. जर्मन गव्हाच्या बिअरला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास यायलाच हवा. नसेल तर गुण जातात. तोच केळ्याचा वास जर्मन पिल्सनरमध्ये आला तर बिअर फार उबेत आंबवली असा शेरा पडतो. रसायन तेच, आयसोअमाइल असिटेट. म्हणजे ‘माझी बिअर चांगली आहे का’ हा प्रश्न परीक्षकाला विचारलेलाच नसतो. ‘मी जे करतो म्हणालो ते झालं का’ एवढाच विचारलेला असतो. पहिल्यांदा भाग घेणारे इथेच दुखावतात. शेजारीपाजारी बोटं चाटत प्यायले आणि इथे ५०पैकी २६? दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

लोण्याचा वास घ्या. विरजणातले जिवाणू डायअसिटिल तयार करतात, म्हणून ताज्या लोण्याला तो वास असतो आणि आपण त्यावर जीव टाकतो. बिअर आंबतानाही तो तयार होतो, आणि यीस्ट निरोगी असेल तर शेवटी तेच त्याला गिळून टाकतं. चेक पद्धतीच्या फिकट लागरमध्ये त्याची पुसटशी झाक चालते. जर्मन पिल्समध्ये मुळीच नाही.

मावळात राहून मला याहून मजेशीर वाटतं ते आपल्या भाताचं. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून इंद्रायणी ही सुवासिक जात निघाली, १९८७मध्ये ती शेतकऱ्यांपर्यंत पोचली. सुवासिक तांदळाचा, अगदी बासमतीचासुद्धा, घमघमाट मुख्यतः २-असिटिल-१-पायरोलिन या संयुगाचा. आता गंमत पाहा. वाइनमध्ये ‘उंदराचा वास’ म्हणून एक बदनाम दोष आहे. त्याला कारण असलेल्या तीन संयुगांपैकी एक हेच! तो हुंगून कळतही नाही. आंबट वाइनमध्ये दबून राहतो, आणि घोट गिळल्यावर लाळेने आंबटपणा उतरला की घशाच्या मागून वर येतो. आंबट बिअरच्या परीक्षकांना याच कुटुंबातल्या संयुगांसाठी घोटानंतर थोडं थांबावं लागतं. ताटात ज्याच्यासाठी चार पैसे जास्त मोजायचे, त्याच्यासाठीच पेल्यात गुण कापायचे. (जाता जाता: कृषी विभागाच्या पीक स्पर्धेत भाताचं हेक्टरी उत्पादन मोजतात. ज्या वासावर मावळच्या तांदळाचं नाव उभं आहे, तो तिथे कुणी घेत नाही.)

आता शेरे कसे वाचायचे. समजा, पिल्सनरला एकाने ३१ दिले, दुसऱ्याने २८. एक म्हणतो अंग पातळ आहे, दुसरा म्हणतो ठीक आहे. ते सोडून द्या. लोण्याचा वास दोघांनी लिहिला आहे, तो धरा. एकाने उपायही सुचवलाय: आंबणं संपत आलं की तापमान १६-१८ अंशांपर्यंत वाढवून दोन-तीन दिवस थांबा. हा सल्ला चांगला आहे, पण तो अंदाज आहे. परीक्षकाला फक्त पेला दिसतो, तुमची वही दिसत नाही. डॉक्टरला नुसती लघवी दाखवून घरी बसावं तसं हे आहे. वहीत तापमान वाढवल्याची नोंद असेल तर संशयित बदलतो. यीस्ट अशक्त होतं का? घाईने थंड केलं का? की नळीत, बाटलीत पेडिओकॉकस हा जिवाणू शिरला? त्याच खेपेच्या एक-दोन बाटल्या उबेत ठेवून पाहाव्यात. आठवड्यागणिक लोणी वाढत गेलं तर जिवाणू, आणि मग तापमानाशी खेळून काही होणार नाही, नळ्या बदलाव्या लागतील.

पुढच्या खेपेला बाटलीत भरण्याआधीच तपासता येतं. दोन नमुने घ्यायचे, एक झाकून ६०-७० अंशांच्या पाण्यात वीसेक मिनिटं ठेवायचा, थंड करून दोन्ही शेजारी हुंगायचे. तापवलेल्यातच लोणी आलं, तर डायअसिटिलचा पूर्वज अजून बिअरमध्ये शिल्लक आहे आणि यीस्टला वेळ हवाय.

मूळ शेऱ्यांतले शब्द परदेशी स्वयंपाकघरातले असतात, ते आपल्या नाकात उतरवून घ्यावे लागतात. असिटाल्डिहाइडला ते हिरवं सफरचंद म्हणतात. त्यांच्याच वर्णनात कापलेला कच्चा भोपळाही आहे, तो आपल्याला लवकर सापडतो. डीएमएस म्हणजे भुशी धरणाच्या वाटेवर उकडलेल्या कणसांच्या पातेल्याचं झाकण उघडल्यावर येतो तो वास. हा फिकट मॉल्टमधून येतो, आणि तासभर झाकण न ठेवता खळखळून उकळलं की बराचसा वाफेबरोबर जातो. एक वास मात्र शिकायला काहीच बनवावं लागत नाही. हिरव्या काचेची दुकानातली लागर घ्या, तासभर उन्हात ठेवा, तशीच दुसरी अंधारात. दोन्ही थंड करून हुंगा. हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर प्रकाश पडला की गंधकाचं एक संयुग तयार होतं, आणि ते अगदी कणभर असलं तरी नाक मुरडायला लावतं. तपकिरी काच हा प्रकाश बराचसा अडवते, म्हणून बहुतेक बाटल्या तपकिरी.

पुढच्या आठवड्यात पाणी: पिल्झेनचं मऊ, बर्टनचं जिप्समने जड.