वेळापत्रक कुणाच्या सोयीचं?

अमेरिकेत शिकायला गेलेली आपली मुलं ऑगस्ट उजाडला की फोनवर कॉलेजच्या फुटबॉलबद्दल बोलायला लागतात. माझ्या भाचीनं तर आधीच बजावलं, "मावशी, आपला पायानं खेळायचा फुटबॉल डोक्यातून काढ." हा लांबट चेंडू बराच वेळ हातातच असतो, तो घेऊन समोरच्यांना चुकवत पळायचं. ऑगस्टअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत बारा सामने. सहा जिंकले की मोसमानंतरच्या मानाच्या 'बाउल' सामन्याचं दार उघडतं. म्हणूनच मोसमाआधी तिथे घरोघरी वेळापत्रक मांडून आकडेमोड चालते. हा आपला, हा त्यांचा, हा देवाच्या हवाली!

लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचं २०२४ चं वेळापत्रकच बघा. सुरुवात हवाईत. मग घरच्या मैदानावर इंडियाना, पुढे लुइझियानात एलएसयू, घरी ऑरेगन आणि नंतर पार पेनसिल्व्हेनियात पेन स्टेट. एलएसयू आणि पेन स्टेट, दोघांच्याही मैदानांवर लाखावर माणूस बसतं. त्या आरडाओरड्यात पाहुण्या पोरांना आपल्याच कप्तानाचा आवाज ऐकू येणं मुश्कील. त्यातल्या त्यात इंडियाना सोपा वाटावा, कारण २०२३ मध्ये त्यांनी बारापैकी तीनच सामने जिंकले होते. पण २०२४ मध्ये याच संघानं बारापैकी अकरा जिंकले आणि यूसीएलएला ४२-१३ असं लोळवलं! हवाईतल्या विजयानंतर यूसीएलएचे सलग पाच पराभव झाले, मग सलग तीन विजय. शेवटी पाच विजय, सात पराभव. बाउल एका सामन्यानं हुकला.

मला मात्र त्या कागदावरचे प्रवास जास्त खुपले. कॅलिफोर्नियातून न्यू जर्सीला जायचं म्हणजे देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. घड्याळात तीन तासांचा फरक. तिथे दुपारी बाराला सामना असेल तर पोरांच्या शरीराला सकाळचे नऊच वाजलेले. इतक्या लांब कशासाठी? तर यूसीएलएनं शेजारच्या राज्यांतल्या विद्यापीठांचा जुना गट सोडला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये 'बिग टेन' गटात प्रवेश केला. (नाव टेन, विद्यापीठं अठरा!) त्या गटाचा टीव्हीशी सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरहून मोठा करार २०२२ मध्येच जाहीर झाला होता.

फुटबॉलवाल्यांचं एक बरं. आठवड्याला एकच सामना, तोही बहुधा शनिवारी, आणि खास त्यांच्यासाठी विमान. पण विद्यापीठानं गट बदलला तो बहुतेक सगळ्याच खेळांसाठी. व्हॉलीबॉलच्या मुलींना ऐन मोसमात आठवड्याला दोन-दोन सामने. बॅगेत वह्या-पुस्तकं, विमानतळावर अभ्यास आणि परतल्यावर वर्ग. १९७२ च्या 'टायटल नाइन' कायद्यानं सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगा-मुलगी भेद करायची बंदी झाली, त्यामुळे हे मुलींचे संघ वाढले. पैसा आला फुटबॉलच्या नावानं, दगदग सगळ्यांच्या वाट्याला. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठाच्या नियामक मंडळानं या बदलाला मान्यता दिली, तीही खेळाडूंच्या जेवणाखाण्यावर, अभ्यासाच्या मदतीवर जादा खर्च करण्याच्या अटीवर. म्हणजे त्रास होणार हे त्यांनाही ठाऊक होतंच की! आणि मुली तरी बघा, याच पहिल्या वर्षी यूसीएलएचा मुलींचा बास्केटबॉल संघ देशातल्या शेवटच्या चारांत पोचला.

आपल्याकडे कुठलं आलंय खास विमान! मी मुलींच्या कबड्डी-खोखोच्या संघांबरोबर जाते. रात्रभर एसटीत अवघडून बसायचं, सकाळी मैदानात उतरायचं. कागदावर सामना कधी आणि कुठे एवढंच असतं. परतीची गाडी आहे का, मुक्कामाच्या जागी न्हाणीघराला कडी आहे का, दुसऱ्या दिवशी कुणाची प्रॅक्टिकल आहे का, हे त्यात कधीच नसतं. तेव्हा मैत्रिणींनो, लेकीच्या हातात सामन्यांचा कागद आला की शेजारी परीक्षेचं वेळापत्रक ठेवून बघा. तारखा एकावर एक आल्या तर कॉलेजात जाऊन विचारा, आणि तेही निघायच्या आदल्या रात्री नको, कागद आला त्याच आठवड्यात.